सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन

शेपूटतोडे सर नंबरप्लेट वाचल्याशिवाय ऑटोत बसत नसत. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. लातूरच्या बसस्थानकाबाहेर, एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल टाकून हा माणूस एकेक ऑटो जवळ येऊ द्यायचा, पाटी वाचायचा आणि हात खाली घ्यायचा. शेवटी सम अंक असला की गेला. पाच असला की गेला. एकदा एक ऑटोवाला लांबूनच ओरडला, "सर, या की! माझी शेवटाला सात हाय!" सरांनी पाटीकडं बघितलं, जरा ओठ हलवले आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोन हजार सत्तेचाळीस. तेविसानं फुटती. जा पुढं." आणि पायी निघाले. ऑटोवाला हसला नाही. गाडीला काही रोग निघाल्यासारखा तो खाली उतरून आपल्याच पाटीकडं बघत राहिला.

मी मागंच उभी होते. मला एकच वाटलं, की असल्या माणसाच्या हातात माझं शिक्षण आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी लपवत नाही, मिरवते. रेणापूर तालुक्यातलं आमचं गाव. बापू शेती करायचा, माय त्याच्या बरोबरीनं राबायची, आणि बारावीनंतर मला लातूरला बीएस्सीला घालताना बापूनं एकच अट घातली होती: "लातूरला कॉलेज हाय तवर शिक. कॉलेज बंद तर शिक्षण बंद. मग पावण्यांस्नी निरोप." बापू बोलला की बोलला. त्यामुळं बाकीच्या पोरींना कॉलेज म्हणजे कॉलेज होतं, मला ते कुंपण होतं. तेवढं पडलं की मी मांडवात.

आणि मी निवडलं गणित. तिथं भेटले हे.

सरांचं खरं आडनाव कागदोपत्रीच होतं. शेपूटतोडे हे नाव कोणत्या बॅचनं ठेवलं ते मला माहीत नाही, पण का ठेवलं ते पहिल्याच तासाला कळलं. हजेरी नाही, ओळख नाही. आत येऊन त्यांनी फळ्यावर हातभर उंचीचे आठ अंक काढले: ७३९३९१३३. मग आमच्याकडं असं बघितलं, की जणू आम्ही जेवणाच्या पंगतीत चपला घालून बसलो आहोत.

"हा आकडा मूळ हाय. एकानं न् स्वतःनं सोडून कशानं भाग जात न्हाई. तसले रगड असतात, त्येचं कौतुक न्हाई. आता बघा." असं म्हणून त्यांनी शेवटचा तीनचा अंक बोटानं पुसला. डस्टर नाही, बोट. "राहिला तो पण मूळ." आणखी एक पुसला. "हा पण मूळ." असं करत करत शेवटी फळ्यावर एकटा सात राहिला. "शेवटापर्यंत शेपूट तोडत या. कुठं पण थांबा. उरलेला फुटत न्हाई."

वाचायला त्यांनी मला उभं केलं. मी आपली शहाण्यासारखी सुरुवात केली, "सात कोटी एकोणचाळीस लाख..."

"थांब. कोटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पैसा नाचतो. एकेक अंक म्हण. हजेरी घेतल्यावानी. गाव कोणतं?"

मी सांगितलं. त्या दिवसापासून मी 'रेणापूर'. ते कुणालाही नावानं हाक मारत नसत. माझ्या शेजारी बसणारी नाझनीन लातूरचीच. तिच्या अब्बांचं गंजगोलाईच्या बाजारात कुकर आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. ती 'गोलाई' झाली. सर स्वतः भोकरकडचे. इतकी वर्षं कॉलेजात शिकवूनही त्यांची बोली भोकरचीच राहिली. पुण्याची भाषा बोलणाऱ्या प्राध्यापकांबद्दल ते म्हणायचे, "जिभेला इस्त्री करून येतेत."

नाझनीन धीट होती. तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, शेपटीच्या ऐवजी डोकं तोडत गेलो तर?"

"डोकं तोडल्यावर कोण जगलंय, गोलाई? करून बघ. एकशे तेहतीस उरतील तवा कळंल."

तिनं वहीत पाढा म्हणून बघितला. "एकोणीस सत्ते एकशे तेहतीस. फुटला, सर."

"बस," सर म्हणाले. बरोबर उत्तराला त्यांच्याकडं तेवढंच बक्षीस होतं: बस. चुकला तो तास संपेपर्यंत उभा. शाबासकी द्यायला त्यांच्या तोंडाला काय धाड भरली होती कुणास ठाऊक.

एकदा मीच म्हटलं होतं, की सर, आठ अंकी आकड्याला मोठा काय म्हणायचं, मोबाईलचा नंबरसुद्धा दहा अंकी असतो. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते फळ्याकडं वळले आणि त्यांनी वंशावळ काढायला घेतली. वर चार मूळपुरुष: दोन, तीन, पाच, सात. प्रत्येकाच्या उजवीकडं एकेक अंक लावून मूळ संख्या होईल तीच पोरं धरायची. दोनाला तेवीस न् एकोणतीस. तिनाला एकतीस न् सदतीस. पाचाला त्रेपन्न न् एकोणसाठ. साताला तीन पोरं: एकाहत्तर, त्र्याहत्तर, एकोणऐंशी. मग त्यांची पोरं, नातवंडं. तास संपला, पुढचे मास्तर दारात येऊन उभे राहिले, तरी हे काढतच होते. पुढं पुढं फांद्या सुकत जायच्या. ज्याला पुढचा अंक लागत नाही तिथं सर लिहायचे, 'निर्वंश'. शेवटी सगळं गणगोत संपलं, शंभरसुद्धा भरलं नाही, आणि सगळ्यात खाली हा एकटा आठ अंकी उरला.

"ह्येच्या पुढं नववा लावून बघा," ते म्हणाले. "सम लावला, फुटला. पाच लावला, फुटला. एक न् सात लावला की तिनानं फुटतो. उरले तीन न् नऊ. ते पण फुटतेत, कशानं ते मी सांगणार न्हाई, हात मोडले न्हाईत तुमचे. रेणापूर, मोठा म्हंजे लांब न्हवं. ज्येच्या पुढं त्येच्या जातीचा कुणी न्हाई, तो मोठा."

हे ऐकून अंगावर काटा वगैरे आला असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता. परीक्षेत यातलं काहीच येणार नव्हतं.

मोबाईलवर त्यांचा विशेष दात होता. एका पोरानं तो आकडा मोबाईलमध्ये घालून "हाव सर, मूळच हाय" असं सांगितलं, तर त्याला म्हणाले, "मोबाईलनं सांगितलं म्हंजे मोबाईलला कळलं. तुला काय कळलं?" त्यांनी स्वतः आठ हजार सहाशेपर्यंतच्या एकूण एक मूळ संख्यांनी तो आकडा हातानं भागून बघितला होता, असं ते सांगायचे. माझा विश्वास आहे. दुसरं काम काय होतं त्यांना? लग्न केलेलं नव्हतं, शेत भावाच्या हवाली, आणि घरात भांडी तेवढीच.

उपयोग हा शब्द तर त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. "सर, या आकड्याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "उपयोग बैलाचा असतो." कुणी तरी वाचून आलं होतं, की बँकांची कुलपं मूळ संख्यांवर चालतात. सर त्याच्यावरच उखडले. "ते आकडे शेकड्यांनी लांब असतेत. ते कामाला जातेत. ह्यो न्हाई जात. ह्यो घरचा मालक हाय."

आता लातुरात असली भाषा चालते का? आमच्या लातुरात हुशारी होर्डिंगवर मोजतात. चौकाचौकात पोरांचे फोटो, खाली टक्के, वर क्लासच्या मालकाचा त्याहून मोठा फोटो. आईबाप खोल्या भाड्यानं घेऊन पोरांच्या मागं मुक्कामाला येतात, आणि पोरगं प्रश्न न वाचता उत्तर कसं ओळखायचं ते शिकतं. सरांना एका क्लासनं बोलावलं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी वंशावळ काढली. पोरांनी विचारलं, "सर, ट्रिक सांगा." सर म्हणाले, "ट्रिक जादूगाराकडं असती. मी मास्तर हाय." क्लासच्या मालकानं संध्याकाळी हात जोडून त्यांना सांगितलं, "सर, तुम्ही फार वरचे." लातुरात एखाद्याला हाकलायचं असलं की त्याला फार वरचा म्हणतात.

अशा गावात आमचा गणिताचा वर्ग किती दिवस टिकणार? पहिल्या वर्षी निदान बाकं भरलेली दिसायची. मग कुणी फार्मसीला गेलं, कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर गेलं, कुणी उदगीरला मामाच्या दुकानावर. प्रत्येक पोरगं जाताना सरांना भेटायला यायचं आणि सर त्याला न अडवता म्हणायचे, "जा. शेपूट तुटली म्हणून आकडा मोडत न्हाई." ऐकायला छान आहे. पण ज्यांना मागं राहायचं होतं, त्यांनी काय करायचं? दुसरं वर्ष संपताना उरलो मी, नाझनीन आणि आणखी एक पोरगा, जो महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. प्राचार्यांनी सांगून टाकलं, की नवी पोरं आणा, नाही तर गणितच बंद, तिसऱ्या वर्षाच्या वर्गासकट.

बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्याकडं उन्हाळ्यात कॉलेजचे मास्तर मोटारसायकलवर गावोगाव फिरतात. लग्नाला पोरगी बघायला जावं तसं बारावीच्या पोरांच्या घरी जातात, चहा पितात, 'आमच्याकडं घाला' म्हणून विनवतात. पोरं नाहीत तर तास नाहीत, तास नाहीत तर नोकरी नाही. प्राचार्यांनी सरांच्या वाट्याला आमचा भाग दिला आणि वाट दाखवायला मला सोबत धाडलं. मला वाटलं, बरं झालं. आपला वर्ग आपणच वाचवू.

पहिल्याच घरात पोरीचा आजा बाजेवर बसलेला. त्यानं सरळ विचारलं, "गुरुजी, गणित शिकून पोरगी काय व्हईल?"

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सर म्हणाले, "काय व्हत न्हाई."

"मग शिकायचं कशापाई?"

सरांनी खिशातून खडू काढला. खिशात त्यांच्या कायम खडू असायचा. ते खाली वाकले आणि शहाबादी फरशीवर सात लिहिला, तीन लिहिला, नऊ लिहिला. आठ अंक होईपर्यंत ते उंबऱ्यापाशी पोचले होते. आजा पाय वर घेऊन बघत होता. आतून पोरीची आई आली. "अवं गुरुजी, आताच पुसली की फरशी!" तिनं ओलं फडकं आणलं आणि सर शेपूट तोडायच्या आधी तिनंच सगळा आकडा पुसून टाकला. ती पोरगी पुढं नर्सिंगला गेली. चांगली नोकरी आहे तिला.

परतीच्या बसमध्ये मी भडकले. "सर, खोटं बोला म्हणत नाही मी. पण एवढं तरी म्हणायचं, की शिक्षिका होईल."

"व्हईल का न्हाई मला काय ठाऊक? जे ठाऊक हाय ते सांगितलं."

"तुमचा वर्ग बंद पडला की बापूच्या लेखी कॉलेजच बंद. तो मला घरी नेईल."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते लई वंगाळ व्हईल." बस. एवढंच. या माणसाला आकड्यावर तासतासभर बोलता येत होतं आणि माझ्यावर एक वाक्य.

मग विद्यापीठाची समिती आली. वर्ग चालू ठेवायचा की नाही ते तीच ठरवणार होती. प्राचार्यांनी आपली अक्कल चालवली. आर्ट्सची पोरं आमच्या वर्गात आणून बसवली, हातात कोऱ्या वह्या दिल्या आणि तोंड उघडू नका म्हणून बजावलं. हे काही आमच्याच कॉलेजात होत होतं असं नाही. समितीलाही हे कळत असतं. त्यांनी फक्त बाकं मोजायची, दुपारचं जेवायचं आणि सही करून जायचं, असा तो रिवाज. समितीतल्या एका साहेबांनी सहज म्हणून पुढच्या पोराला विचारलं, "काय रे, मूळ संख्या म्हणजे काय?"

पोरगं उभं राहिलं. "सर, जी बदलत न्हाई ती."

साहेब हसले, प्राचार्य हसले, विषय संपला होता. खरंच संपला होता. साहेबांनी पेनाचं टोपणसुद्धा उघडलं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "सायब, यातल्या ह्या दोघीच माझ्या. बाकीचं भरताड हाय."

प्राचार्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही. मी सरांकडं बघत होते. त्यांना काही पराक्रम केल्यासारखं वाटत नव्हतं. ऑटोची पाटी वाचून झाल्यावर दिसायचे तसेच ते दिसत होते. दोन हजार सत्तेचाळीस, तेविसानं फुटते, जा पुढं.

वर्ग बंद झाला.

लोक याला सचोटी म्हणतील. लांबून सगळं सचोटीच दिसतं. मी स्टाफरूमच्या दारात उभी राहून त्यांना म्हटलं, "सर, तुमचा आकडा अख्खा राहिला. माझं वाटोळं झालं." तिथं बसलेल्या मास्तर लोकांनी पेपर तोंडापुढं धरले. मी हे बोलले ते बरोबरच बोलले, आजही तेच बोलेन.  नाझनीन त्याच आठवड्यात कॉमर्सला गेली. जाताना मला म्हणाली, "आकडे तिथं पण हायेत गं. फक्त त्यांना खानदान नसतं." मी पेटी भरली आणि गावाकडं आले.

पावण्यांना निरोप जायच्या आत एक दिवस फाट्यावरून धुळीतून एक माणूस चालत येताना दिसला. डोक्यावर ओला रुमाल. मायनं मला आत ढकललं, पण मी दाराआड उभी राहिले.

बापूनं चहा दिला, पण बापूच्या चहाला धार होती. "सर, तुमचाच वर्ग बुडाला म्हणं."

"बुडाला."

"सायबापुढं तुम्हीच बोललात म्हणं."

"बोललो."

"मग आता काय सांगायला आलात?"

"पोरीला नांदेडला धाडा. तिथं तिसरं वर्ष हाय. माझी विधवा बहीण राहती तिथं, तिच्या घरी राहील."

बापू हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "ज्येला सोताचा वर्ग राखता आला न्हाई, त्यो दुसऱ्याच्या पोरीचं भलं सांगायला आला. शिकून करंल काय ती?"

सरांचा हात खिशात गेला. मी दाराआडून बघत होते आणि मला वाटलं, की आता हा माणूस खडू काढणार, आमच्या सारवलेल्या ओसरीवर वंशावळ मांडणार, आणि मी संपले. हात खिशात तसाच राहिला. मग रिकामा बाहेर आला.

"मास्तरीण व्हईल," सर म्हणाले. "पगार येईल. गणिताच्या मास्तरला लई मागणी हाय, दादा. पोरगी हुशार हाय, नोकरी लागंल. लई उपयोग हाय गणिताचा."

उपयोग. मी त्या माणसाच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता. बापूला त्याचं काय? त्याला तर तेच ऐकायचं होतं. तो जरा सैल झाला. "आन् त्यो तुमचा आकडा काय हाय? पोरगी सांगत असती. शेपूट तोडली तरी मरत न्हाई म्हणं."

सर उठले, रुमाल झटकला. "त्येचं काय न्हाई दादा. टाइमपास हाय तो."

बापूनं होकार दिला. त्यांना फाट्यापर्यंत सोडायला मी गेले. वाटेत ते माझ्या पुढं पुढं चालत होते, एकदाही मागं वळले नाहीत. बस दिसल्यावर म्हणाले, "रेणापूर, आज मला लई हलकं बोलाय लावलंस. नापास झालीस तर तंगडं मोडून ठेवीन." बस थांबली. पाटीच्या शेवटी आठ होता. त्यांनी वाचलाच नाही. चढले आणि गेले.

नांदेडला सरांच्या बहिणीकडं, आक्कांकडं राहिले. सर रविवारी लातूरहून यायचे, माझ्या चुका काढायचे, आक्कांच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन परत जायचे. तिकडं कॉलेजनं त्यांना गणितातून काढून स्पर्धा परीक्षांच्या केंद्रावर बसवलं होतं. पोरांना कोचिंगवाल्यांसारख्या युक्त्या शिकवायच्या. ज्या भांड्यात थुंकले होते त्याच भांड्यात आता जेवायचं. मी विचारलं, "कसं चाललंय, सर?" ते म्हणाले, "शेपूट तुटली. तू तुझं गणित कर."

मी पास झाले, चांगल्या वर्गात. पदवीच्या कागदावर विषय लिहिलेला आहे: गणित. पेढे घेऊन लातूरला गेले तर त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पदवीचं कौतुक नको सांगूस. मंत्र्याच्या भाच्याला पण तीच मिळाली. नववा अंक तपासलास का?"

"नाही सर."

"मग पेढे कशाचे?"

आता मी नांदेडला शाळेत गणित शिकवते. मास्तरीण झाले, पगार येतो. बापूला सांगितलेलं सगळं खरं ठरलं, त्यात सरांना कसलाही आनंद झाल्याचं मला आढळलं नाही. तीन आणि नऊ मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हातानं फोडले. कशानं फुटतात ते मीही इथं लिहिणार नाही.

सर आता नाहीत. निवृत्तीनंतर ते भोकरला पुतण्याकडं राहिले. पुतण्याचं खतं-बियाण्यांचं दुकान. शेवटी शेवटी सरांना विसर पडत चालला. आधी कालचं गेलं, मग परवाचं, मग माणसं. पुतण्या त्यांना दुकानापुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचा आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "काका, आकडा म्हणा!" सर म्हणायचे. गिऱ्हाईक हसायचं आणि युरियाचं पोतं घेऊन जायचं. माणसाचा तमाशा कसा करावा ते या पुतण्याकडून शिकावं.

एकदा गेले तेव्हा सरांनी म्हटलं, "सात तीन नऊ तीन नऊ एक तीन," आणि थांबले. पुतण्यानं मोबाईलमध्ये त्यांचा जुना व्हिडिओ ठेवला होता. तो लावून बघत म्हणाला, "शेवटचा तीन राहिला, काका!" मी रागानं पिशवी उचलली आणि निघाले. 

शेवटच्या खेपेला त्यांनी मला ओळखलं नाही. अंग वाळलेलं, रुमाल मात्र डोक्यावर. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. पुतण्यानं नेहमीचं सुरू केलं, "काका, आकडा म्हणा."

"सात. तीन. नऊ. तीन. नऊ." पुढं काही आलं नाही. ओठ हलत राहिले.

"पुरा येईना आता," पुतण्या गिऱ्हाइकांना म्हणाला. "आठ अंकी हाय तो. पार चुकायलेत काका. एवढे मोठे प्रोफेसर होते, काय राहिलं बघा."

एका म्हाताऱ्यानं जिभेनं च्च केलं. त्या च्चनं माझं डोकं फिरलं.

"चुकलं नाही," मी म्हटलं.

"अवो ताई, मोबाईलमधी हाय माझ्या..."

"तुमचा मोबाईल ठेवा खिशात. मी गणिताची पदवीधर आहे आणि मी सांगते, चुकलं नाही. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. कशानंही भाग जात नाही. भागून बघा, एका दुपारचं काम आहे. मागच्या खेपेला म्हणाले तेही बरोबर होतं. उद्या नुसतं सात म्हणाले तर तेही बरोबरच असेल. तुम्हाला काय राहिलं ते दिसत नाही, तो तुमच्या डोळ्यांचा दोष."

 पुतण्या पोत्यावरची धूळ झटकायला लागला. सर माझ्याकडं बघत होते. 

"गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

"रेणापूर, सर."

"भागून बघितलंस?"

"बघितलं."

"हातानं?"

"हातानं."

त्यांनी मान वळवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांकडं बघायला लागले.

"मग बस," ते म्हणाले.